मोटरवेवर कुठल्या लेनमध्ये राहायचं, आणि संथ गाडी डावीकडून का काढायची नाही

ब्रिटनमध्ये येऊन मला सहा वर्षं झाली. त्याआधी पुण्यात दहा वर्षं गाडी चालवत होते, एक्स्प्रेसवेवरून मुंबईला तर कितीदा तरी गेले असेन. इथेही रस्त्याची डावी बाजूच, स्टिअरिंगही उजवीकडेच, त्यामुळे फारसं काही नव्याने शिकावं लागणार नाही असं वाटलं होतं. तो अंदाज चुकला. मोटरवेवर (म्हणजे इथल्या एक्स्प्रेसवेवर) लेन कशी धरायची आणि पुढे संथ गाडी आली की काय करायचं, या दोन बाबतींत हाताला लागलेली सवय मला मोडावी लागली, आणि ती मोडायच्या आधी एकदा जिवावर बेतलं. तो प्रसंग सातव्या पायरीत लिहिला आहे. नुकतेच आलेले आपले लोक त्याच चुका करताना दिसतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

१. आधी कागदपत्रं नीट करा

ग्रेट ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. त्यानंतर ते इथे चालत नाही. काही देशांची लायसन्सं इथे बदलून मिळतात, पण भारत त्या यादीत नाही. म्हणजे प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स, थिअरी टेस्ट आणि प्रॅक्टिकल टेस्ट हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं. थिअरीत ५० पैकी ४३ प्रश्न बरोबर यावे लागतात आणि हॅझर्ड पर्सेप्शनच्या (रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखण्याच्या) व्हिडिओंमध्ये ७५ पैकी ४४ गुण लागतात. प्रॅक्टिकलची तारीख लवकर मिळत नाही, त्यामुळे अकराव्या महिन्यात जागे झालात तर मध्ये काही महिने गाडी दारात उभी ठेवावी लागेल. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच प्रोव्हिजनलचा अर्ज करा. अर्ज आणि टेस्टचं बुकिंग सरकारी वेबसाइटवरूनच करा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी साइट त्याच कामाचे जादा पैसे घेतात.

मोटरवेवर जाण्याआधी हे तपासा:

- लायसन्स, आणि १२ महिन्यांची मुदत कधी संपते ती तारीख
- विमा. मित्राची गाडी घेत असाल तर त्या पॉलिसीत चालक म्हणून तुमचं नाव असायला हवं. "गाडीचा विमा आहे" एवढं इथे पुरत नाही.
- गाडीचा टॅक्स, आणि गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी)
- ब्रेकडाउन कव्हर (गाडी बंद पडली तर मदत मिळण्याची सोय)
- टायरमधली हवा, इंधन, काच धुण्याचं पाणी
- चार्ज केलेला फोन, चमकणारं जॅकेट, आणि उन्हाळ्यातसुद्धा एक जाड कोट. गाडी बंद पडली तर बाहेर वाऱ्यात उभं राहावं लागतं.

कागद गाडीत ठेवण्याची सक्ती नाही. पोलिसांनी मागितलेच तर सात दिवसांत पोलीस स्टेशनात नेऊन दाखवता येतात.

२. पहिला मोटरवे इन्स्ट्रक्टरबरोबर करा

प्रॅक्टिकल टेस्ट मोटरवेवर होत नाही. म्हणजे टेस्ट पास झालेला माणूस एकदाही मोटरवेवर न जाता दुसऱ्या दिवशी एकटा ७० मैलांच्या वेगाने निघू शकतो. शिकाऊ चालकांना ४ जून २०१८ पासून मोटरवेवर नेता येतं, पण फक्त मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टरबरोबर आणि ड्युअल कंट्रोलच्या (इन्स्ट्रक्टरच्या पायाशीही ब्रेक असलेल्या) गाडीत. घरच्या गाडीत नवऱ्याला किंवा मित्राला शेजारी बसवून एल प्लेट लावून मोटरवेवर जाणं बेकायदा आहे.

भारतीय लायसन्सवर चालवत असलात तरी दोन तासांचा एक धडा घ्याच. माझ्या मते नव्या माणसाने इथे खर्च केलेल्या पैशांतले हे सर्वांत सार्थकी लागलेले पैसे असतात.

३. लेनचे आकडे समजून घ्या

सर्वांत डावीकडची लेन पहिली, मग दुसरी, तिसरी. उजवीकडच्या लेनला लोक बोलताना "फास्ट लेन" म्हणतात, पण तो शब्द डोक्यातून काढून टाका. गाडीसाठी वेगमर्यादा सगळ्या लेनमध्ये एकच आहे: ७० मैल, म्हणजे ताशी साधारण ११२ किलोमीटर. पहिली लेन चालण्यासाठी असते, बाकीच्या लेन ओव्हरटेक करण्यासाठी. तीन लेनचा रस्ता म्हणजे तीन वेगांचे तीन रस्ते, ही आपली समजूत इथे लागू होत नाही.

रात्री किंवा पावसात लेनच्या रेघा दिसेनाशा होतात, तेव्हा रस्त्यात बसवलेले चमकणारे खडे बघा. डाव्या कडेला लाल, लेनच्या मधे पांढरे, उजवीकडे दुभाजकाजवळ पिवळसर केशरी, आणि स्लिप रोडच्या (मोटरवेवर चढण्या-उतरण्याच्या जोडरस्त्याच्या) तोंडाशी हिरवे. पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळी चारलाच अंधार झाला तेव्हा या खड्यांनी मला घरी पोहोचवलं.

४. चढताना: वेग स्लिप रोडवरच घ्या

मोटरवेवर आधीपासून असलेल्या गाड्यांचा हक्क पहिला, जागा आपण शोधायची. नवे लोक घाबरून स्लिप रोडवर ४० मैलांनी जातात आणि टोकाला येऊन ब्रेक मारतात. ते फार धोक्याचं आहे, कारण थांबलेल्या गाडीतून ६० मैलांच्या रांगेत शिरायला लागणारं अंतर तिथे उरलेलंच नसतं. स्लिप रोडवरून येतानाच आरशात बघा, मान वळवून उजवीकडे एक नजर टाका, दोन गाड्यांमधली फट हेरा, आणि तिच्याशी वेग जुळवून आत सरका.

आत गेल्यावर लगेच दुसऱ्या लेनकडे धावू नका. थोडा वेळ पहिल्या लेनमध्येच राहा, वेगाची सवय होऊ द्या.

५. पहिली लेन हे तुमचं घर

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे. हायवे कोडचा (इथल्या रस्ते नियमांच्या सरकारी पुस्तकाचा) नियम २६४ सांगतो: ओव्हरटेक करत नसाल तर डावीकडच्या लेनमध्ये राहा, आणि ओव्हरटेक झालं की सुरक्षित असेल तेव्हा डावीकडे परत या.

आपले लोक मधल्या लेनमध्ये का बसतात हे मला माहीत आहे, कारण मीही बसत होते. पहिल्या लेनमध्ये ट्रक, तिसरीत सुसाट जाणारे, मग आपला मध्यममार्ग बरा, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. शिवाय स्लिप रोडवरून चढणाऱ्यांची कटकट नाही. हा विचार सज्जनपणाचा वाटतो, पण त्याचा त्रास मागच्या प्रत्येकाला होतो. तो कसा, ते बघा.

तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर ७.५ टनांहून मोठ्या ट्रकला, तसंच मागे ट्रेलर किंवा कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाडीला, सर्वांत उजव्या लेनमध्ये जायला बंदी आहे. मोठ्या ट्रकचा वेग यंत्रानेच ५६ मैलांवर रोखलेला असतो. आता तुम्ही मधल्या लेनमध्ये ५५ ने चाललात, तर पहिल्या लेनमधला ट्रक तुम्हाला ओलांडूच शकत नाही. उजवीकडे तिसऱ्या लेनमध्ये जायची त्याला परवानगी नाही आणि डावीकडून काढायचं नाही. आणि पहिल्या लेनमध्ये असलेल्या साध्या गाडीला तुम्हाला ओलांडायचं तर दोन लेन उजवीकडे आणि दोन लेन परत डावीकडे, अशा चार वेळा लेन बदलाव्या लागतात. प्रत्येक बदलात धोका आहे. तुम्ही रिकाम्या पहिल्या लेनमध्ये असतात तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

ऑगस्ट २०१३ पासून पोलीस याबद्दल जागीच दंड करू शकतात: १०० पाउंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट (दंडाचे गुण). इथली टेस्ट पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले तर लायसन्स रद्द होतं आणि थिअरीपासून परत सुरुवात करावी लागते. म्हणजे नव्या चालकासाठी अशा दोन चुका पुरेशा आहेत.

मग पहिल्या लेनमध्ये दर थोड्या अंतरावर ट्रक असतील तर काय? सतत आतबाहेर करायचं नाही, तेही धोक्याचंच. माझी पद्धत अशी: डावीकडे परत गेल्यावर पुढच्या ट्रकपर्यंत सावकाश दहा आकडे मोजण्याइतका वेळ मिळणार असेल तर जायचं. त्याहून कमी मिळणार असेल तर मधल्या लेनमध्ये राहून तोही ट्रक ओलांडायचा आणि मग परतायचं. आणि चढणाऱ्या गाडीला जागा द्यायला मधल्या लेनमध्ये गेलात तर ते चांगलंच केलंत, फक्त काम झाल्यावर परत यायचं विसरू नका.

६. ओव्हरटेक: लवकर ठरवा, सावकाश परता

पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवा. पाऊस असेल तर चार. पुढची गाडी एखाद्या पुलाखालून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. म्हणून व्हायच्या आत तुम्ही पुलाखाली पोहोचलात तर फार जवळ आहात. ७० मैलांच्या वेगात गाडी थांबायला ९६ मीटर लागतात, त्यातले २१ मीटर तर पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच संपतात.

ट्रक समोर दिसला की त्याच्या शेपटीला चिकटेपर्यंत थांबू नका. लांबूनच आरसे बघा, इंडिकेटर द्या, मान वळवून ब्लाइंड स्पॉट (आरशात न दिसणारी जागा) बघा, आणि एकच लेन बदला. तुम्ही ७० ने आणि ट्रक ५६ ने असेल तर दोन्ही बाजूंना नीट अंतर ठेवून त्याला पार करायला १५-१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुम्ही अर्धा किलोमीटर पुढे गेलेले असता. हा वेळ धरूनच मागून येणाऱ्यांचा अंदाज घ्या. ट्रकच्या बरोबरीने रेंगाळू नका, विशेषतः युरोपातून आलेल्या ट्रकच्या. त्याचा चालक डावीकडे बसलेला असतो आणि त्याच्या उजव्या अंगाला असलेली छोटी गाडी त्याला सहज दिसत नाही.

मधल्या आरशात मागच्या गाडीचे दोन्ही दिवे पूर्ण दिसायला लागले की डावीकडे परता. त्याआधी परतणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडावर कट मारणं.

दोन ट्रक एकमेकांना ओलांडत असतील तर रागावू नका. त्यांच्या वेगांत एखाद्या मैलाचाच फरक असतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटं जाणारच.

७. मधल्या लेनमध्ये बसून राहिलेली गाडी: डावीकडून काढू नका

माझा दीर पुण्याहून पहिल्यांदाच आला होता. एम४० वर बॅनबरीच्या अलीकडे, दुपारची वेळ, रस्ता बऱ्यापैकी रिकामा. मधल्या लेनमध्ये एक राखाडी गाडी ६० च्या आसपास चालली होती आणि पहिली लेन लांबवर मोकळी. मी तिच्या मागे दोन मिनिटं होते. दीर म्हणाला, "वहिनी, डावीकडून काढा ना, सगळी मोकळी आहे." पुण्यात आम्ही दोघांनी हेच हजार वेळा केलेलं. मी डावीकडे घेतली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

तिच्या मागच्या दाराच्या रेषेत माझं बॉनेट आलं तेवढ्यात त्या गाडीचा डावा इंडिकेटर एकदा लुकलुकला आणि ती आमच्या अंगावर यायला लागली. मी ब्रेक दाबत डावीकडे ओढली. कडेच्या उठावदार पट्टीवर टायर चढले आणि सगळी गाडी घरघरायला लागली, दाराच्या कप्प्यातली चिल्लर थरथरत होती. आम्ही हार्ड शोल्डरवर (अडचणीत थांबण्यासाठी ठेवलेल्या कडेच्या पट्ट्यावर) गेलो होतो. नशिबाने तिथे कुणाची बंद पडलेली गाडी उभी नव्हती. ती राखाडी गाडी हॉर्न वाजवून पहिल्या लेनमधून निघून गेली. दीर एक शब्द बोलला नाही, आणि माझा उजवा पाय पुढच्या सर्व्हिसेसमध्ये (मोटरवेवरच्या विश्रांतीच्या थांब्यावर) थांबेपर्यंत कापत होता.

त्या चालकाने तोपर्यंत चूक केली होती, पण त्या क्षणी तो करत होता ते अगदी बरोबर होतं. तो डावीकडे परतत होता. हे नीट लक्षात घ्या. इथे प्रत्येक गाडी कुठल्याही क्षणी डावीकडे येणार हे गृहीत असतं, कारण नियमच तो आहे. आणि डावीकडून कुणी वेगाने येईल अशी त्या चालकाची अपेक्षा नसते, त्यामुळे तो डाव्या आरशात घाईघाईने एकच नजर टाकतो. भारतात दोन्ही बाजूंनी गाड्या येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सगळे दोन्हीकडे बघतात. इथे तो भरवसा नाही. ट्रकला डावीकडून काढणं तर त्याहून वाईट, कारण इथल्या ट्रकचा चालक उजवीकडे बसतो आणि त्याची डावी बाजूच आंधळी असते.

नियम २६८ स्पष्ट आहे: डावीकडून ओव्हरटेक करू नका, आणि ओव्हरटेकसाठी डावीकडच्या लेनमध्ये जाऊ नका. याला इथे "अंडरटेकिंग" म्हणतात. पोलीस ते निष्काळजीपणे गाडी चालवणं या सदरात धरू शकतात आणि तेव्हा "पुढचा मधल्या लेनमध्ये बसला होता" हे कारण तुम्हाला वाचवत नाही.

मग करायचं काय?

- तुम्ही पहिल्या लेनमध्ये असाल आणि पुढे मधल्या लेनमध्ये संथ गाडी असेल, तर तिच्या बरोबरीला पोहोचायच्या आधीच ठरवा. पहिलीतून दुसरीत या, तिथे स्थिर व्हा, परत आरसे बघा, मग तिसरीत जा. एका झटक्यात दोन लेन कापू नका.
- ती गाडी पार झाली की तसंच टप्प्याटप्प्याने पहिल्या लेनपर्यंत परत या. त्या चालकाला धडा म्हणून त्याच्या नाकासमोर येऊ नका.
- तिसरी लेन भरलेली असेल तर वेग कमी करा आणि अंतर ठेवून मागे राहा. ६० ऐवजी ७० ने गेलात तर दहा मैलांत वाचतात जेमतेम दीड मिनिट.
- मागून दिवे मारू नका, चिकटू नका. तो घाबरून न बघता डावीकडे सरकेल.

अपवाद एकच, आणि तो रोज कामाला येतो. गर्दी असेल, सगळ्या लेन भरून साधारण सारख्याच वेगाने सरकत असतील, तर आपल्या लेनमध्ये राहून उजवीकडच्या गाड्यांच्या पुढे जाणं चालतं. तुम्ही लेन बदललेली नाही, तुमची रांग जरा लवकर सरकली एवढंच. पण लवकर सरकते म्हणून त्या रांगेत उडी मारायची, मग परत दुसरीत, हे चालत नाही.

क्रूझ कंट्रोल वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. ७० वर लावून पहिल्या लेनमध्ये बसलात की मधल्या लेनमधल्या ६५ वाल्याच्या डावीकडून तुम्ही नकळत निघून जाता. हेतू नसला तरी धोका तोच.

८. दिवे मारण्याचा अर्थ

आपल्याकडे समोरून दिवे मारले म्हणजे "थांब, मी येतोय". इथे बरेच लोक "तुम्ही जा" म्हणून दिवे मारतात. हायवे कोडप्रमाणे त्याचा अर्थ फक्त "मी इथे आहे" एवढाच. त्यामुळे कुणाच्या दिव्यांवर विसंबून लेन बदलू नका. तुमच्या मागे कुणी चिकटून दिवे मारत असेल तर वेग वाढवू नका, तुमचा ओव्हरटेक पूर्ण करा आणि जागा मिळताच डावीकडे या. तो ९० ने जात असला तरी त्याला अडवणं तुमचं काम नाही.

९. डोक्यावरच्या पाट्या आणि बंद पडलेली गाडी

लाल वर्तुळातला आकडा म्हणजे सक्तीची वेगमर्यादा. लेनवर लाल फुली दिसली तर ती लेन बंद आहे, पुढे रिकामी दिसत असली तरी. बहुतेक वेळा तिथे कुणाची तरी गाडी बंद पडलेली असते. फुलीखालून गेलात तर कॅमेरा टिपतो आणि पुन्हा तेच १०० पाउंड आणि ३ पॉइंट.

काही मोटरवेंना आता हार्ड शोल्डर नाही. तिथे ठरावीक अंतरावर नारिंगी रंगाच्या आपत्कालीन जागा असतात. गाडी कुरकुरायला लागली तर तिथपर्यंत किंवा पुढच्या जंक्शनपर्यंत न्यायचा प्रयत्न करा. थांबल्यावर सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं, मुलांनाही गाडीत ठेवायचं नाही. मोटरवेवर गाडीच्या मागे धोक्याचा त्रिकोण ठेवायला जाऊ नका. चालू लेनमध्येच अडकलात आणि उतरणं धोक्याचं असेल तर सीटबेल्ट लावून ठेवा, चारही इंडिकेटर चालू करा आणि ९९९ ला फोन करा.

१०. उतरताना

जंक्शनची निळी पाटी साधारण एक मैल आधी आणि मग अर्धा मैल आधी येते. पहिली पाटी दिसली की डावीकडच्या लेनमध्ये या आणि तिथेच राहा. अर्ध्या मैलानंतर "एवढा एक ट्रक काढते आणि मग उतरते" असं करू नका. त्यानंतर तीन, दोन, एक तिरप्या पट्ट्यांच्या खुणा येतात: ३००, २००, १०० यार्ड. तीन पट्ट्यांशी इंडिकेटर द्या. वेग शक्यतो स्लिप रोडवर गेल्यावर कमी करा.

जंक्शन चुकलं तर चुकू द्या. पुढच्या जंक्शनला उतरून परत या. मोटरवेवर गाडी मागे घेणं, वळवणं किंवा स्लिप रोडच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून तिरकं घुसणं, यातलं काहीही करू नका.

स्लिप रोडवर आल्यावर स्पीडोमीटरकडे मुद्दाम बघा. तासभर ७० ने आल्यावर ५० सुद्धा रांगल्यासारखे वाटतात, आणि वळण किंवा राउंडअबाउट तर समोरच असतं.